करंगळीचे दुखणे आणि सायकलची सीट

माणसाच्या हाताची शेवटची दोन बोटे कशासाठी असतात, याचा विचार मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत केला नव्हता. अंगठ्याचा मान मोठा, तर्जनीचा दरारा मोठा. अनामिकेच्या वाट्याला निदान अंगठी आणि गंध लावण्याचे काम तरी येते. करंगळी शाळेत वर करण्यापुरती उपयोगी! पण गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी एका रविवारी मी सायकलवर पानशेतला जाऊन आलो, आंघोळ केली, सदरा चढवला आणि गुंडी लावू लागलो, तर ती काजात शिरेचना. डाव्या हाताची ही दोन बोटे जागेवर होती, हलतही होती. पण शेजाऱ्याची बोटे उसनी आणून बसवावीत तशी परकी झाली होती. शेवटी सौभाग्यवतींनी गुंडी लावून दिली. लग्नाला एकतीस वर्षे झाल्यावर हा प्रसंग आला, म्हणून आम्ही दोघेही आधी हसलो. चार दिवसांनीही बोटे जागी झाली नाहीत, तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

डॉक्टरांनी तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यावर अंगठा दाबला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. त्यांनी विचारले, “सायकल चालवता का?” मला वाटले, हा वैद्य की ज्योतिषी! पण त्यात ज्योतिष काही नव्हते. अल्नर नावाची एक मज्जातंतूची शाखा कोपरामागून येऊन तळहाताच्या त्या उंचवट्याखालून करंगळी आणि अर्ध्या अनामिकेकडे जाते. तासन् तास हँडलवर अंगाचा भार टाकला की ती तिथे चेपते. हे दुखणे सायकलवाल्यांत इतके नेहमीचे आहे की त्याला नावच सायकलस्वाराचा लकवा असे पडले आहे. डॉक्टर म्हणाले, “तीन आठवडे सायकल बंद. शीर दबली नाही तर बरी होईल. दाबत राहिलात तर पंजाचे स्नायू वाळतील, मग गुंडीच काय, भाताचा घासही नीट उचलता येणार नाही.”

आता सायकलविषयी सांगितले पाहिजे. ती माझी नव्हे. चिरंजीवांनी घेतलेली लाल रंगाची, बोकडाच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची, ज्याला हल्ली रोड बाइक म्हणतात तसली. चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनीला गेले आणि सायकल गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली राहिली. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. सकाळी काय करावे हा प्रश्न होताच. चिरंजीव पाच फूट नऊ इंच, मी पाच फूट पाच. चार इंचांचा फरक तो काय, असे म्हणून मी तिच्यावर स्वार झालो.

आणि मग, घरोघरचा पुरुष करतो तेच मी केले. पाना हातात घेतला. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली केली. हँडल लांब वाटू लागले, म्हणून सीट तिच्या सळ्यांवरून शेवटपर्यंत पुढे सरकवली. तिचे टोक बोचू लागले, तेव्हा ते खाली झुकवले. तिन्ही वेळा मला तत्काळ बरे वाटले. त्यातच सगळी मेख होती. जे दहा मिनिटे बरे वाटते ते तीन तासांनी कसे वाटेल, हे दहा मिनिटांत कळत नाही.

घरात निवाडा झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, “ही ब्याद तलवाड्याला पाठवून द्या. पोरगी शाळेला नेईल.” तलवाडा म्हणजे आमचे मूळ गाव, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले, त्वरितादेवीचे म्हणून ओळखले जाणारे. तिथे माझा पुतण्या शेती करतो, आणि पोरगी म्हणजे त्याची नववीतली मुलगी. पुतण्याची जीप मोसंबी घेऊन पुण्याला आलीच होती. सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याचे माझेही काम राहिले होते. रिकाम्या जीपमध्ये सायकल आडवी घातली आणि तिच्याशेजारी मी बसून निघालो. वाईट वाटत होते, हे कबूल करतो. या वयात नवा छंद लागावा आणि तोही वर्षभरात कोणाला तरी देऊन टाकावा लागावा, हे म्हातारपणाचे पहिले पत्र आल्यासारखे वाटले.

गावात पोहोचल्यावर हवा भरायला म्हणून सायकल मिस्त्रींच्या दुकानी नेली. मिस्त्री आता सत्तरीचे आहेत. मी चौथीत होतो तेव्हा ते विशीतले. दुकान तेव्हा पत्र्याचे होते, आता स्लॅबचे आहे, आणि धंदा मुख्यतः मोटारसायकलींच्या पंक्चरचा. त्यांनी सायकल पाहिली, मग मला पाहिले.

“मास्तरचे बारके न्हवं का तुमी? बसा बरं हिच्यावर.”

मी भिंतीला हात लावून बसलो. ते दोन पावले मागे जाऊन, डोके तिरके करून बघत राहिले. घोड्याच्या बाजारात घोडे बघतात तसे.

“ही गाडी तुमची न्हाई.”

“मुलाची आहे.”

“तसं न्हवं. तुमी बसलाव कुठं? सीटवर कुठं बसलाव? तुमी तर हातावर उभं हाव!”

खिशातला रुपया काढून त्यांनी भिंतीपासून हातभर अंतरावर टाकला आणि मला सांगितले की भिंतीला टाचा आणि पाठ चिकटवून उभे राहा, आणि गुडघे न वाकवता तो रुपया उचला. वाचकहो, हा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी खेळलेला आहे. रुपया कधीच उचलता येत नाही. माणूस तोंडावर पडतो. कारण वाकताना आपली कंबर मागे जाते आणि पुढे गेलेल्या डोक्याखांद्यांचा भार तोलते. भिंत तिला मागे जाऊ देत नाही.

“आता सायकलीवर तुमी वाकलेलेच ना? आन् सीट सारली फुडं. कंबर मागं जाईल कशी? मग भार जायचा कुठं? हातावर.”

मी थक्क झालो. हात दुखतात म्हणून हँडल जवळ यावे, आणि हँडल जवळ यावे म्हणून सीट पुढे, असा माझा हिशेब. तो बरोबर उलटा होता. सीट मागे गेली की हँडल लांब जाते खरे, पण हातावरचा भार हलका होतो. लांबी आणि भार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सीटच्या पान्याने हँडलचे दुखणे बरे करायला जाऊ नये. सीट ठरते ती पायांवरून, पेडलपासूनच्या अंतरावरून. ती एकदा जिथे बसायची तिथे बसली की मग हँडल आपल्याकडे आणायचे. हा क्रम मोडला की कुठे तरी काही तरी दुखणारच.

पुण्यात औषधपाण्याच्या तीन आठवड्यांत मीही थोडे वाचन केले होते. ते मी मिस्त्रींपुढे मांडले. उंचीचे दोन हिशेब प्रसिद्ध आहेत. १९६७ साली हॅम्ले आणि टॉमस या संशोधकांनी प्रयोग करून सांगितले की जांघेपासून जमिनीपर्यंतच्या पायाच्या लांबीच्या १०९ टक्के इतके अंतर खाली गेलेल्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावे. दुसरा हिशेब फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा अमेरिकन शिष्य ग्रेग लेमाँड यांच्या नावाने चालतो: पायाची लांबी गुणिले ०.८८३, आणि हे अंतर जिथे पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. लांबी मोजायची ती अनवाणी, भिंतीला पाठ लावून, दोन पायांत जाड पुठ्ठ्याचे पुस्तक वर दाबून धरून. (दिवाळी अंक चालत नाही, वाकतो.) माझी लांबी ७४ सेंटिमीटर भरली. दुसऱ्या हिशेबाने सीट आसापासून ६५.३ सेंटिमीटर यायला हवी. पहिल्याने पेडलपासून ८०.७, त्यातून १७ सेंटिमीटरचा दांडा वजा करा, ६३.७ उरतात. म्हणजे दोन विद्वानांत दीड सेंटिमीटरचा मतभेद, आणि सायकलवर दीड सेंटिमीटर म्हणजे थोडाथोडका नव्हे.

मिस्त्रींनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मला पुन्हा सीटवर चढवले. “टाच ठेवा पायडलवर. उलटं फिरवा.” पेडल सगळ्यात खाली गेले की टाचेवर पाय जेमतेम सरळ व्हावा, आणि कंबर डावी-उजवीकडे डुलू नये. मग चवड्यावर चालवताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. पुस्तके हा बाक पंचवीस ते पस्तीस अंशांचा असावा म्हणतात. ही सीट माझ्या आधीच्या सीटपेक्षा चांगली चार बोटे उंच झाली. टेपने मोजली तर पासष्टला एक सूत कमी. त्यांनी टेपकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तंबाखू मळू लागले. थांबल्यावर पाय टेकायचे तर सीटवरून उतरून पुढे उभे राहायचे, हे मला तेव्हा प्रथम समजले. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवण्याचा हट्ट सायकलवर पाहिजेच कशाला? ती काही खुर्ची नव्हे.

मग शेजारी बांधकाम चालू होते तिथल्या गवंड्याकडून त्यांनी लेव्हल आणि ओळंबा मागवला. लेव्हल सीटवर ठेवली, तर बुडबुडा पार मागे पळाला! टोक इतके खाली झुकलेले होते. म्हणजे मी घसरगुंडीवर बसत होतो, आणि घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी स्वतःला मागे ढकलत होतो, तासन् तास. टोक बोचत होते ते सीट पुढे होती म्हणून. बुडबुडा मधोमध आणल्यावर ओळंब्याचे काम. पेडलचे दांडे जमिनीला समांतर धरायचे, आणि पुढच्या पायाच्या वाटीच्या खालून ओळंबा सोडायचा. माझा ओळंबा पेडलच्या आसाच्या तीन बोटे पुढे लोंबत होता. सीट मागे सरकवत सरकवत मिस्त्रींनी तो आसावर आणला.

इथे एक सांगितले पाहिजे. हा ओळंब्याचा नियम जगभर चालतो, पण तो काही निसर्गाचा कायदा नव्हे. कीथ बाँट्रेगर या अमेरिकन सायकल-कारागिराने त्यावर एक लेख लिहून दाखवून दिले की उताणे पडून चालवायच्या सायकलीवर ओळंबा सोडला तर तो भलतीकडेच जातो, तरी माणसे त्या सायकली उत्तम चालवतात. तेव्हा ओळंबा ही सुरुवात करायची जागा. खरी परीक्षा रस्त्यावर: मोकळ्या रस्त्याला बऱ्यापैकी जोर लावून चालवताना हँडलवरून हात केवळ इंचभर उचलून बघायचे. धड पुढे कोसळू लागले तर सीट अजून मागे हवी. आणि सीट मागे गेली की ती पेडलपासून लांबही जाते, म्हणून केसभर खाली घ्यावी. एक खिळा हलवला की दुसरा हलतो. एडी मर्क्ससारख्या जगज्जेत्याला हे प्रकरण जन्मभर पुरले. १९६९ साली फ्रान्समध्ये ब्ल्वा येथे झालेल्या अपघातात त्याची कंबर दुखावली, आणि तेव्हापासून तो शर्यत चालू असतानासुद्धा सीट वरखाली करीत असे. तरीही १९७२ साली मेक्सिकोत त्याने एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले.

उरले हँडल. ते आता माझ्यापासून इतके लांब गेले होते की मी त्यावर पालथा पडल्यासारखा दिसत होतो. लांबीचा त्रास एकट्या हातालाच होतो असे नाही. रेस ॲक्रॉस अमेरिका ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती जोडीने, आणि २०१७ साली नाशिकचे श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने पूर्ण केली. तिच्यात एका दुखण्याला ‘शर्मरची मान’ असेच म्हणतात: मायकल शर्मर नावाच्या स्वाराच्या मानेचे स्नायू १९८३ च्या शर्यतीत असे थकले की डोके वर राहीना. दिवसचे दिवस पुढे ताणून, मान वर करून बघायचे, त्याचे हे फळ. आमची मजल पानशेतपर्यंतच, पण मान तीच.

हँडलला पुढे धरून ठेवणारा मुठीएवढा तुकडा असतो, त्याला स्टेम म्हणतात. चिरंजीवांचा होता ११ सेंटिमीटरचा. मिस्त्रींनी सीटच्या टोकाला माझे कोपर लावले, हात पुढे पसरला, आणि बोटांच्या पुढे हँडल किती उरते ते पाहिले. ही जुन्या लोकांची ढोबळ रीत आहे. पण मला कोपरे किंचित वाकवून ब्रेकच्या मुठी सहज धरता याव्यात, एवढे तिने दाखवले. आठ सेंटिमीटरचा हवा होता. तो तलवाड्यात कुठला मिळायला? पुतण्याने मोबाइलवरून मागवला. पाच दिवसांनी आला. तेवढे दिवस मी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या.

या जातीचा स्टेम मिस्त्रींनी पूर्वी खोललेला नव्हता. जुन्या सायकलीत वरचा बोल्ट सैल करून हातोडीचा एक टोला घातला की हँडल सुटते. इथे तसे नाही. बाजूचे दोन बोल्ट सैल करायचे, मग माथ्यावरचा. बसवताना आधी माथ्यावरचा बेताने आवळून पुढच्या चिमट्यातली हालचाल घालवायची आणि नंतर बाजूचे. पुतण्या वाचून दाखवत होता, मिस्त्री करीत होते, आणि मी अधूनमधून ‘हळू’ म्हणत होतो. स्टेम उलटा बसवला की हँडल दीड-दोन सेंटिमीटर वर येते. तोही लाभ आम्ही पदरात पाडून घेतला.

काम चालू असताना मिस्त्री सहज म्हणाले, “मास्तरची गाडी हाय का आजून?”

वडिलांची काळी, चोवीस इंची सायकल गोठ्याच्या माळ्यावर आहे. ते बुटके होते, माझ्याहून दोन बोटे कमीच. त्या काळी जुनी मिळाली ती सायकल घेतली. मापाची सायकल असते हे कोणाला माहीत! तिच्यावरून त्यांनी आसपासच्या गावच्या शाळा केल्या, सत्तावीस वर्षे. शेवटी शेवटी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. नवरात्रात आम्ही देवीची टेकडी चढून जायचो आणि ते खाली आमच्या चपला राखत बसायचे. त्याला सायकलच कारण होती असे मी म्हणणार नाही. सत्तरीत पुष्कळांचे गुडघे जातात, सायकल न चालवणाऱ्यांचेसुद्धा.

“ती सीट म्याच फुडं केली हुती,” मिस्त्री म्हणाले. “हँडल फुडं-मागं हुत न्हाई त्या गाड्यांचं. सीटखालची कडी उलटी बसवली, सीट आली दोन बोटं फुडं. वर आन् पार खाली दाबलेली. मास्तर म्हनले, झ्याक झालं. मला तरी काय कळत हुतं?”

यावर मी काही बोललो नाही. त्यांनीही आवळायचा राहिलेला बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेवराईच्या रस्त्याला लागलो. पुतण्या मोटारसायकलवर मागे होता. काकांना काही झाले तर काकूंना तोंड कोण देणार, ही त्याची काळजी. दोन्ही बाजूंना कापूस, मध्येच उसाचा हिरवा पट्टा. निर्मनुष्य सरळ रस्ता पाहून हात इंचभर उचलले. धड तिथेच राहिले. दीड तासाने परत आलो, मांड्यांत नवीनच जागा दुखत होत्या, पण बोटे माझीच होती. आंघोळ करून सदरा घातला. गळ्याजवळची, कधीच न लावण्याची गुंडीसुद्धा लावून पाहिली.

त्याच दुपारी पुतण्याने माळ्यावरची काळी सायकल खाली उतरवून दुकानी आणली. लाल सायकल आता काही गावात राहत नाही हे घरात कळले होते. तेव्हा पोरीला आजोबांचीच दुरुस्त करून द्यावी, असा त्याचा विचार. मिस्त्रींनी तेल सोडून गंजलेली कडी सैल केली आणि सरळ फिरवून बसवली. मग पोरीला भिंतीला उभे केले आणि माझ्याकडे पुस्तक मागितले. मोजले. सायकलीला टेप लावला. पुन्हा मोजले.

“ही न्हाई देत मी हिला,” ते पुतण्याला म्हणाले. “मोठी हाय. मास्तरला कुनी न्हाई म्हनलं न्हाई, हिला मी म्हनतो.”

पोरीचा चेहरा उतरला. क्षणभर ती काळ्या सायकलीकडे पाहत राहिली, आणि मग भिंतीला टेकवलेल्या लाल सायकलीकडे.

“मग आजोबा, ती बसते का मला?”

मी म्हणालो की ती जर्मनीतल्या काकांची आहे, त्यांना विचारावे लागेल, शिवाय रोड बाइक खेड्यातल्या रस्त्याला बरी नव्हे. मी आणखीही पुष्कळ काही म्हणालो असतो. पण मिस्त्रींनी खिशातून पुन्हा टेप काढला होता.